सांडवा आणि दरवाजे

२०२० चा ऑगस्ट संपता संपता वैनगंगा फुगली, तेव्हा पवनी तालुक्यात घरोघरी एकच प्रश्न विचारला जात होता : दरवाजे कधी उघडले? वर मध्य प्रदेशात संजय सरोवरातून पाणी सोडलेले, भंडारा शहरात नदी शिरलेली, आणि इकडे गोसेखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. दरवाजे लवकर उघडावेत तर खाली ब्रह्मपुरी, देसाईगंजकडची गावे बुडतात. थांबावे तर वरची. कोणी कोणाला केव्हा फोन केला, कोणता आदेश किती वाजता आला, याची चर्चा आमच्या कोंढ्यात पुढे कित्येक महिने चालली होती. दोष कोणाचा, हा या लेखाचा विषय नाही. मला त्यातली एकच गोष्ट हवी आहे. दरवाजा आला की तो उघडणारा माणूस आला, त्याला हुकूम देणारा साहेब आला, दरवाजा उचलणारी वीज आली. या तिघांपैकी एक जरी वेळेवर हजर नसेल, तर दरवाजा म्हणजे नुसती भिंत.

आमच्याच जिल्ह्यात दुसरी रीतही आहे आणि ती धरणापेक्षा खूप जुनी आहे. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले तलाव इथे गावोगाव आहेत. माजी मालगुजारी म्हणून कागदावर गेले आणि बोलण्यात मामा तलाव झाले. त्या प्रत्येक तलावाला सांडवा असतो. त्याला चाक नाही, किल्ली नाही. पाळीच्या एका बाजूला ठरलेल्या उंचीवर ठेवलेली ती वाट. पाणी तिथवर चढले की आपोआप वाहू लागते. मध्यरात्री चढले तरी वाहते, पाटकरी झोपला असला तरी वाहते. ज्याने ती उंची ठरवली तो माणूस तीनशे वर्षांपूर्वी गेला, त्याचा निर्णय मात्र अजून कामावर आहे.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर अणुवीज केंद्रांमधल्या हायड्रोजनच्या स्फोटांबद्दल जे मिळेल ते वाचत आले, आणि वाचताना दरवेळी हा सांडवा आणि हे दरवाजे डोळ्यांपुढे आले. अणुभट्टीच्या सुरक्षिततेचा सगळा वाद किरणोत्सर्गाभोवती फिरतो. पण भट्टीभोवतीच्या भिंती आणि छपरे आजवर ज्याने उडवली तो वायू आठवीच्या पुस्तकात आहे. त्याला अडवण्याचे उपायही आठवीच्या मुलाला समजतील असे आहेत. म्हणूनच माझे म्हणणे असे की हे उपाय नुसते करून पुरणार नाही. ते माणसाच्या हुकमाची वाट न बघणारे असावेत, आणि ते चालू स्थितीत आहेत की नाहीत हे सामान्य माणसाला विचारता यावे, कळावे.

आधी तो वायू. प्रयोगशाळेत जस्ताच्या तुकड्यांवर विरल सल्फ्युरिक आम्ल ओतायचे, निघणारा वायू परीक्षानळीत धरायचा आणि तोंडाशी जळती काडी न्यायची. ‘फट्’ असा आवाज होतो आणि वर्ग खूश होतो. दरवर्षी एखादा तरी चौकस मुलगा विचारायचा, बाई, कधी आवाज मोठा येतो आणि कधी येतच नाही, असं का? कारण नळी शुद्ध हायड्रोजनने भरली असेल तर तो तोंडाशी शांतपणे जळतो. हवा मिसळली असेल तरच ‘फट्’ होते. हायड्रोजन एकटा निरुपद्रवी आहे, हवाही निरुपद्रवी आहे. घात होतो तो दोघांच्या प्रमाणात. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो पेट घेऊ शकतो. साधारण १८ टक्क्यांच्या पुढे नुसता जळत नाही, जोरकस स्फोटाची शक्यता येते. ठिणगी किती लागते? अंगातला लोकरी कपडा काढताना चटचट होते ना, तेवढीही पुरते.

अणुभट्टीत हा वायू येतो कुठून? इंधनाच्या गोळ्या ज्या बारीक नळ्यांत भरतात त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात. हा धातू न्यूट्रॉन फारसे गिळत नाही, गंजत नाही, म्हणून निवडलेला. भट्टी बंद केली तरी इंधन तापत राहते. चूल विझवली तरी निखारे तासन्‌तास धगधगतात, तसे. बंद केल्या क्षणी मूळ उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, आणि भट्टीची मूळ उष्णता इतकी प्रचंड असते की हे सहा टक्केही भयंकर ठरतात. त्यावर पाणी फिरते राहिले तर प्रश्न नाही. पाणी थांबले, नळ्या उघड्या पडल्या, तापमान हजार-बाराशे अंशांच्या घरात गेले, की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि हायड्रोजन मोकळा सोडतो. या क्रियेतून पुन्हा उष्णता निघते, त्या उष्णतेने क्रिया वाढते. हिशेब फळ्यावर करता येतो : १ किलो झिर्कोनियम पूर्ण जळाले तर सुमारे ४४ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे जवळपास अर्धा घनमीटर वायू. आणि एका भट्टीत झिर्कोनियम टनांनी असते. वर्गात जस्ताने जे केले तेच इथे होते. फक्त इथे परीक्षानळीच्या जागी इमारत असते.

११ मार्च २०११ ला जपानच्या फुकुशिमा दाइचीत हे घडले. भूकंप झाला, भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद पडल्या, मग त्सुनामीच्या पाण्याने डिझेल जनित्रे बुडवली आणि वीज गेली. १२ तारखेला दुपारी ३ वाजून ३६ मिनिटांनी पहिल्या भट्टीची इमारत उडाली, १४ ला सकाळी तिसरीची, १५ ला पहाटे चौथीची. दूरदर्शनवर ती दृश्ये पाहणाऱ्या जगाला वाटले, अणुबॉम्ब फुटला. त्याच दिवसांत आपल्या देशातल्या अणुऊर्जेच्या वरिष्ठ मंडळींनी लोकांना सांगितले की ही अणुदुर्घटना नव्हे, निव्वळ रासायनिक क्रिया आहे.

शास्त्र म्हणून ते वाक्य बरोबर आहे. मीही वर्गात तेच सांगितले असते. पण दिलासा म्हणून ते चुकीचे आहे, आणि ही चूक मला गंभीर वाटते. आमच्या जिल्ह्यात जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ ला स्फोट झाला, छत कोसळले, आठ कामगारांचे प्राण गेले. तोही रासायनिकच होता. ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना या शब्दाने काय मिळणार? फुकुशिमात तर या रासायनिक क्रियेने अणूचा प्रश्न बिकट केला. पहिल्या स्फोटाने भट्टीकडे समुद्राचे पाणी नेणारे पाइप फाटले आणि मोठ्या कष्टाने टाकलेली विजेची केबल निकामी झाली. तिसऱ्या इमारतीच्या स्फोटात तिथे राबणारी माणसे जखमी झाली, बाकीच्यांना मागे हटावे लागले. आग विझवायला जाणाऱ्याचा रस्ताच खचावा, तसे झाले. हायड्रोजन स्वतः किरणोत्सर्गी नसतो. पण किरणोत्सर्ग कोंडून ठेवणारी भिंत तो फोडतो आणि ती भिंत सावरायला आलेल्यांना पळवून लावतो. म्हणून ‘निव्वळ’ हा शब्द तिथे बसत नाही.

फुकुशिमाच्या कहाणीत माझा जीव अडकतो तो त्या चार इमारतींच्या फरकात. या भट्ट्यांचे आतले पोलादी कवच नायट्रोजनने भरलेले होते. पेव उघडल्यावर आत उतरण्याआधी आपली माणसे कंदील सोडून बघत. कंदील विझला की आत प्राणवायू नाही हे कळे आणि कोणी उतरत नसे. नायट्रोजनच्या कवचात तोच न्याय आहे. ऑक्सिजनच नाही, तर हायड्रोजन कितीही साचो, पेटणार कशाने? आराखडा करणाऱ्यांनी धोका ओळखला होता आणि उपायही केला होता. पण तो त्यांनी कवचाच्या आतच केला. दाब वाढल्यावर हायड्रोजन कवचाच्या झाकणाच्या सांध्यांतून, केबलच्या भोकांतून झिरपला आणि हलका म्हणून वर चढून इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर साचला. तिथे साधी हवा होती. तिथे हायड्रोजन येईल असे कोणी धरलेच नव्हते, म्हणून तिथे ना नायट्रोजन होता, ना वायू मोजणारे यंत्र, ना वाट.

चौथ्या भट्टीत तर इंधनच नव्हते. देखभालीसाठी ते काढून शेजारच्या कुंडात ठेवले होते. तरी ती इमारत उडाली. सगळ्यांची समजूत झाली की कुंडातले पाणी आटले. नंतर उमगले की तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीचा धुरांड्याकडे जाणारा मार्ग पुढे एकच होता, आणि तिसरीचा हायड्रोजन त्या वाटेने उलटा चौथीत शिरला होता. धानाची बांधी करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शेजाऱ्याचे पाणी आपल्या बांधीत येते ते धुरा फुटला म्हणूनच असे नाही. दोघांचा पाट एक असला की धुरा शाबूत असतानाही येते.

आणि दुसरी भट्टी? तिचे इंधनही वितळले, हायड्रोजन तिथेही झाला, पण तिची इमारत उडाली नाही. पहिल्या इमारतीच्या स्फोटाच्या हादऱ्याने दुसरीच्या भिंतीतले एक पॅनेल निघून पडले होते. त्या भगदाडातून वायू बाहेर जात राहिला. कोणाच्याही मनात नसताना तिला सांडवा मिळाला.

आता दरवाजाचे काय झाले तेही बघू. पहिल्या भट्टीच्या कवचातला दाब सोडायची नळी होती, झडपा होत्या. झडपा उघडायला वीज आणि दाबाची हवा लागत होती, आणि दोन्ही नव्हते. झडपा उघडायच्या तयारीचा हुकूम १२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर लगेच निघाला. मग सरकारची संमती, भोवतालची गावे रिकामी झाल्याची खात्री, कोण आत जाणार याची यादी. माणसे बॅटऱ्या घेऊन अंधारात आत गेली. एका तुकडीने एक झडप हाताने काही अंश उघडली; दुसऱ्या तुकडीला किरणोत्सर्गामुळे अर्ध्यातून परतावे लागले. दाब प्रत्यक्ष उतरला दुपारी अडीचच्या सुमाराला, आणि त्यानंतर तासाभराने छप्पर उडाले. त्या रात्री तिथे भ्याडपणा कोणी केला नाही. माणसांनी जिवावर उदार होऊन काम केले. पण रचनाच अशी होती की सगळ्यांचे शौर्य एका न उघडणाऱ्या दरवाजापाशी खर्ची पडले. हे मला फार लागते. शौर्याची गरज पडावी अशी रचना करणाऱ्याने त्या माणसांवर अन्याय केला, असे मी मानते.

हे जपानमध्ये पहिल्यांदा घडले असेही नाही. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडला भट्टी अर्धवट वितळली, आणि दुपारी कवचात साचलेला हायड्रोजन भडकला. दाबाचा काटा एकदम वर उडाला. नियंत्रण कक्षातल्या काहींना वाटले, यंत्रात विजेचा बिघाड असेल. कवच दणकट होते, टिकले. दोन-तीन दिवसांनी मात्र भट्टीच्या भांड्यातल्या हायड्रोजनच्या बुडबुड्याचा स्फोट होणार या बातमीने त्या भागात घबराट पसरली, माणसे घरे सोडून निघाली. त्या भांड्यात मोकळा ऑक्सिजन नव्हता, म्हणजे तो स्फोट शक्यच नव्हता. ज्या दुपारी वायू खरोखर पेटला ती दुपार ओळखू आली नाही, आणि जे होणार नव्हते त्याला सगळे भ्याले. अज्ञान दोन्ही बाजूंनी मारते. म्हणून हे शास्त्र लोकांपर्यंत साध्या भाषेत पोचले पाहिजे, याचा मी एवढा आग्रह धरते.

आणि वितळणे वगैरे काही न होताही हायड्रोजन साचतो. भट्टीतल्या किरणांनी पाण्याचे रेणू थोडे थोडे फुटतच असतात. नोव्हेंबर २००१ मध्ये जपानच्या हामाओका केंद्रात आणि डिसेंबरमध्ये जर्मनीच्या ब्रुन्सब्युटेल केंद्रात असा साचलेला वायू पेटून जाड पोलादी नळ्या फुटल्या. जर्मनीत तर ही साधी गळती समजून भट्टी पुढे दोन महिने चालू राहिली. फेब्रुवारीत आत जाऊन पाहिले तेव्हा नळीचे तुकडे मिळाले.

आता आपल्या घरी. भारतात हायड्रोजनने अणुवीज केंद्राला जवळपास मरणाच्या दारी नेले ते ३१ मार्च १९९३ च्या पहाटे, उत्तर प्रदेशातल्या नरोऱ्याला. तिथे हायड्रोजन इंधनातून आलेला नव्हता. मोठ्या जनित्रांना थंड ठेवायला हायड्रोजन वापरतात. औष्णिक केंद्रांतही वापरतात. टर्बाइनची दोन पाती तुटली, प्रचंड कंप सुटला, जनित्राची सील फाटली, हायड्रोजन बाहेर पडून पेटला आणि मग तेलाने पेट घेतला. आग केबलच्या वाटेने पसरली. मुख्य केबल आणि आणीबाणीच्या केबल एकाच वाटेने गेल्या होत्या, दोन्ही जळाल्या. केंद्र सुमारे १७ तास पूर्ण अंधारात राहिले. धुराने नियंत्रण कक्ष सोडावा लागला. भट्टी पहिल्याच मिनिटात बंद केली होती, पण निखारे होतेच. तिथल्या कर्मचाऱ्यांनी आग विझवायचे डिझेल पंप लावून वाफ जनित्रांत पाणी सोडले, आणि हातात बॅटऱ्या घेऊन वर चढून बोरॉनयुक्त द्रव भट्टीत सोडण्याची झडप हाताने उघडली, म्हणजे ती पुन्हा पेटणार नाही. किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही. आंतरराष्ट्रीय मापावर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली. पात्यांच्या रचनेतला दोष परदेशी मूळ कंपनीने आधीच कळवला होता आणि त्यावर वेळेत काम झाले नाही, असे अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी पुढे जाहीरपणे लिहिले.

नरोऱ्याच्या त्या माणसांची नावे आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. असायला हवी होती. पण त्या रात्रीतून शिकण्याजोगे म्हणाल तर बोरॉन सोडणारी ती व्यवस्था. द्रव वर ठेवलेला होता आणि तो स्वतःच्या वजनाने खाली येत होता. पंप लागला नाही, वीज लागली नाही. झडप उघडायला माणूस तेवढा लागला.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी सरळ संबंध तारापूरपाशी येतो. पालघरच्या किनाऱ्यावर तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ पासून वीज देऊ लागल्या. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने दिलेल्या, उकळत्या पाण्याच्या जातीच्या; फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीच्या नात्यातल्या, आणि तिच्याहून वयाने थोड्या मोठ्या. २०२० पासून त्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या. फुकुशिमानंतर आपल्याकडे नुसत्या बैठका झाल्या असे म्हणणे चुकीचे ठरेल. नियामक मंडळाने एस. के. शर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने त्याच वर्षी अहवाल दिला, आणि तारापूरच्या जुन्या दोन भट्ट्यांचे कवच नायट्रोजनने भरण्याची व्यवस्था करावी ही त्यातली एक ठळक शिफारस होती. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे त्या नायट्रोजनावाचून चालल्या होत्या. त्यांच्या कवचाची घडण फुकुशिमापेक्षा वेगळी होती, हे मी समजू शकते. तरी ही गोष्ट पालघरच्या मच्छीमाराला त्या चाळीस वर्षांत कोणी सांगितली होती का?

दुसरा उपाय मला फार सुंदर वाटतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लॅटिनम आणि पॅलॅडियमचा लेप असलेले उत्प्रेरक तयार केले आणि ते तपासायला अणुवीज निगमने तारापूरला खास चाचणी केंद्र उभे केले. उघड्या पेटीसारख्या चौकटीत हे पत्रे उभे लावायचे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन त्या पत्र्यावर येऊन भेटतात, ज्वाला न होता, आणि त्यांचे पाणी होते. त्यात उष्णता निघते, गरम हवा वर जाते, खालून नवी हवा ओढली जाते. चुलीच्या धुराड्यासारखेच. पंखा नाही, वीज नाही, बटण नाही. हायड्रोजन आला की काम सुरू, संपला की बंद. याला रिकॉम्बायनर म्हणतात. मला मात्र त्यात आमच्या मामा तलावाचा सांडवा दिसतो. कुडनकुलमच्या रशियन भट्ट्यांत असे शंभराहून अधिक रिकॉम्बायनर पहिल्यापासून आहेत. जैतापूरला ज्या फ्रेंच भट्ट्या प्रस्तावित आहेत त्यांच्या आराखड्यातही ते आहेत. जैतापूरचा वाद जमीन, मासळी, भूकंप यांवर झाला आणि व्हायलाच हवा होता; पण तिथल्या माडबन गावच्या सभांत या पत्र्यांविषयी कोणी प्रश्न विचारल्याचे माझ्या वाचनात नाही.

यावर माझ्या ओळखीतले एक अभियंता मला म्हणाले, ‘बाई, तुमचा सांडवा फार भाबडा आहे. पूर मोठा आला तर सांडव्यावरूनही पाळ फुटते.’ हे खरे आहे, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक रिकॉम्बायनर तासाला फार तर काही किलो हायड्रोजन संपवतो. वितळणारी भट्टी त्याहून वेगाने तयार करू शकते. हायड्रोजन फार झाला तर तापलेला पत्राच ठिणगीचे काम करू शकतो. हवेत वाफ भरपूर असेपर्यंत मिश्रण पेटत नाही. पण कवच थंड करायला पाण्याचे फवारे सोडले की वाफेचे पाणी होते आणि तेच मिश्रण पेटण्याजोगे बनते. म्हणजे एक बरे करायला जावे तर दुसरे बिघडते. म्हणून काही अमेरिकन केंद्रांनी मुद्दाम तापवलेल्या दिवट्या बसवल्या, की वायू थोडा असतानाच जळून जावा, साचू नये. त्यांनाही वीज लागते. झिर्कोनियमवर क्रोमियमचा लेप देण्याचे प्रयोगही सुरू आहेत, म्हणजे वायूच कमी तयार व्हावा. या सगळ्यांची गरज आहे. दाब सोडायची गाळणीसह वाटही लागेल, आणि तिला कुठे ना कुठे दरवाजा असेलच.

पण अभियंत्यांच्या त्याच वाक्यात माझे उत्तर आहे. सांडव्यावरून पाळ फुटते तेव्हा नव्याण्णव वेळा कारण एकच असते : सांडव्यात गाळ साचलेला असतो, बेशरम उगवलेला असतो, किंवा कोणीतरी पाणी जास्त अडावे म्हणून त्यावर दगड रचलेले असतात. सांडवा आपोआप चालतो, आपोआप स्वच्छ होत नाही. रिकॉम्बायनरचा पत्राही तसाच. आयोडीनची वाफ, जळत्या केबलचा धूर, वर्षानुवर्षांची ओल आणि धूळ यांनी त्याची धार कमी होऊ शकते. म्हणून ठरावीक काळाने काही पत्रे काढून चाचणीपात्रात ठेवून हायड्रोजन सोडून बघावे लागतात. तो सुस्त झाला तर कोणाला दिसत नाही, चाचणीतच कळते. आणि चाचणीचा कागद कोणाच्या तरी टेबलावर पोचतो.

माझा आग्रह त्या कागदाविषयी आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने आपल्याला गुप्ततेची सवय लावली. बॉम्बच्या बाबतीत ती समजू शकते. पण पत्र्यावर हायड्रोजनचे पाणी किती वेगाने झाले, यात शत्रूला उपयोगी पडेल असे काय आहे? नियामक मंडळ वार्षिक अहवाल काढते, फुकुशिमानंतरचा अहवालही त्यांनी खुला केला, हे मी मानते. तरी २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांनी मंडळाच्या स्वायत्ततेवर कडक ताशेरे ओढले, आणि स्वतंत्र नियामकासाठी २०११ मध्ये आणलेले विधेयक त्या लोकसभेबरोबरच बाद झाले. पुढे दशकभर तो प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. दरम्यान २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुविजेचे उद्दिष्ट जाहीर झाले. इतकी केंद्रे उभी राहणार असतील तर ती चालवणाऱ्यांवर आपला विश्वास कशाच्या आधारावर बसणार?

मी अणुविजेच्या विरोधात नाही. विदर्भातल्या माणसाला कोळशाच्या विजेची किंमत कोणी शिकवायची गरज नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, तिरोडा आमच्याच भोवती आहेत. मौद्याच्या औष्णिक केंद्राला तर आमच्या गोसेखुर्दचेच पाणी जाते. राख कोणाच्या धानावर पडते ते आम्ही पाहिले आहे. म्हणूनच मला वाटते की अणुवीज असावी आणि चांगली असावी. ज्या वस्तूची आपल्याला गरज आहे तिच्याविषयी प्रश्न विचारणे म्हणजे तिच्यावर हल्ला, ही समजूत अणुऊर्जा खात्याने सोडायला हवी, आणि विरोधकांनीही प्रत्येक भट्टीला बॉम्ब म्हणणे सोडायला हवे.

मी मागते ते फार नाही. प्रत्येक केंद्राने वर्षातून एकदा, मराठीत, गुजरातीत, तमिळमध्ये, जिथली जी भाषा असेल तीत, एक पान छापावे. आमच्याकडे रिकॉम्बायनर किती, या वर्षी त्यांतले किती काढून तपासले, किती पास झाले, किती बदलले. कवचाबाहेरच्या खोल्यांत, वरच्या मजल्यावर, जिथे हायड्रोजन येणार नाही असे गृहीत धरले आहे तिथे, वायू मोजणारी यंत्रे किती. दोन भट्ट्यांच्या हवेच्या वाटा कुठे एकत्र येतात आणि त्या वेगळ्या करायला काय केले. वीज पूर्ण गेली असे धरून दाबाची झडप हाताने उघडण्याचा सराव केव्हा झाला आणि त्याला किती मिनिटे लागली. नरोऱ्याच्या अंधारात आणि फुकुशिमाच्या रात्री ज्या गोष्टींची उत्तरे जीव धोक्यात घालून शोधावी लागली, त्यांची उत्तरे दिवसाउजेडी एका कागदावर लिहिता येतात. तो कागद पालघर तालुक्यातल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावा. वाचणारे कोणी नसेल असे म्हणू नका. वैनगंगेच्या पातळीचे आकडे आमच्याकडे चौथी शिकलेला म्हातारा तोंडपाठ सांगतो, कारण त्या आकड्यांवर त्याची बांधी अवलंबून असते.

मृग लागायच्या आधी आमच्याकडे तलावाच्या पाळीवर चार माणसे फेरी मारतात. त्यात पाटबंधारे खात्याचा कोणी असतोच असे नाही. कोणाच्या हातात कुदळ असते, कोणाच्या खांद्यावर पोर. सांडव्यातला बेशरम उपटतात, रचलेले दगड काढून टाकतात. कोणी दगड ठेवले होते हे गावाला ठाऊक असते, आणि बहुतेकदा तोच माणूस ते उचलायला हात लावतो, सगळ्यांसमोर.